इथे स्वभाव मोजून मिळतो

रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये वर्षभर काचा फुटतात, भौतिकशास्त्रात वायरी जळतात. आमच्या मानसशास्त्राच्या खोलीत फुटण्या-जळण्यासारखं काहीच नाही. दोन कपाटं, आठ टेबलं, छापील चाचण्यांच्या पुस्तिका आणि शाईच्या डागांची कार्डं, बस्स. वर्षअखेरीला सामानाचं डेडस्टॉक रजिस्टर तपासायला येणारा बाबू दहा मिनिटांत मोकळा होतो. मग चहा येतो, बाबू पाय लांब करतो आणि म्हणतो, "हं, इंगळे, यंदा काय नवीन?" त्याला सामानाचं नवीन नको असतं. जे रजिस्टरात चढवता येत नाही ते हवं असतं, आणि ते आमच्याकडे कपाटांपेक्षा जास्त झालंय.

मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात चोवीस वर्षं लॅब अटेंडंट आहे. आमच्या खोलीत माणसाचा स्वभाव मोजायला शिकवतात. कुणी प्रश्न विचारून मोजतं, कुणी चित्र दाखवून, कुणी अर्धवट वाक्यं पूर्ण करायला लावून. शिकवतात वानखडे मॅडम. त्या तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जितके तास शिकवाल तितकेच तुम्ही नोकरीत. दर उन्हाळ्यात त्यांना सोडत आणि दर जुलैत पुन्हा मुलाखत घेऊन ठेवत. असं अकरा वर्षं! आमच्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणतात, दर वर्षी त्यांना सांगत, "मॅडम, पुढल्या साली तुमचं पक्कं. शब्द देला मी."

दादासाहेबांचे शब्द आमच्याकडे अकरा जमा झाले होते.

*

ज्याच्यावर चाचणी घ्यायची त्या माणसाला आमच्या भाषेत 'प्रयुक्त' म्हणतात. प्रत्येक विद्यार्थ्याने आपला एक प्रयुक्त शोधून आणायचा, असा नियम. पोरं आळशी. ती शोधाशोध करत नाहीत, मला धरतात. "काका, बसा ना दहा मिनिटं!" त्यामुळे माझा स्वभाव या जिल्ह्यात सर्वांत जास्त वेळा मोजला गेलाय, यात मला शंका नाही.

एकदा एकाच आठवड्यात तिघांनी माझी तीच चाचणी घेतली. पहिल्याच्या जर्नलमध्ये मी एकलकोंडा निघालो. दुसरीच्या जर्नलमध्ये बोलका आणि उत्साही. तिसऱ्याने लिहिलं, "प्रयुक्तामध्ये नेतृत्वगुण प्रबळ आहेत." मला तिसरा पोरगा हुशार वाटला. त्या पानाची झेरॉक्स काढून मी घरी नेली आणि बायकोपुढे ठेवली.

तिने चष्मा लावून सगळं वाचलं. मग म्हणाली, "बरं झालं बाप्पा. मंग आता पुढं व्हा आन् दळन घेऊन या!"

*

शाईच्या डागांची चाचणी सगळ्यांना फार आवडते. कागदावर शाई सांडून घडी घातली की दोन्ही बाजूंना सारखा डाग उमटतो. तसा डाग दाखवायचा आणि विचारायचं, "यात तुम्हाला काय दिसतं?" कुणाला फुलपाखरू दिसतं, कुणाला भूत. जे दिसतं त्यावरून मनात काय चाललंय ते कळतं म्हणे.

उंद्रीचा आकाश नावाचा पोरगा प्रयुक्त म्हणून आपल्या मोठ्या काकांना घेऊन आला. काका सोयाबीनवाले. सकाळी फवारणी करून तसेच एसटीत बसले होते.

आकाशने पहिलं कार्ड दाखवलं. काकांनी ते उजेडाकडे धरलं, उलटं करून पाहिलं, अंगठ्याने चोळलंसुद्धा. म्हणाले, "करपा हाय."

दुसरं कार्ड. "हे अळीनं खाल्लं."

तिसरं रंगीत होतं. काका गंभीर झाले. "पिवळा पडून राह्यला हा. कोनाच्या वावरातलं पान आनलं बे?"

"काका, पान नोहे थे. डाग हाय."

"डाग हाय थे मले बी दिसते! फवारा कोनता मारला थे सांग."

आकाशने पुस्तकात पाहून निष्कर्ष लिहिला की प्रयुक्ताच्या मनात रोग आणि नाशाचे विचार प्रबळ आहेत. मॅडमनी त्यावर लाल पेनाने काट मारली. म्हणाल्या, "ज्याचं सोयाबीन पिवळं पडतंय त्याला काळजी आहे, हे कळायला दहा कार्डं कशाला लागतात?"

काका मात्र दाराशी अडले. ते परत आले आणि सगळी कार्डं ओळीने मांडून म्हणाले, "मॅडम, एक सांगून ठेवतो. रोग वाऱ्यानं आला तर एका बाजूनं येते. हा दोन्ही बाजूनं बरोब्बर सारखा हाय. म्हंजे खोट बियान्यातच हाय. कंपनीवर केस करा!"

*

अर्धवट वाक्यांची चाचणी घेताना प्रयुक्त एकटा असावा, अशी सूचना पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आहे. ती ज्याने लिहिली तो आमच्याकडच्या घरात कधी गेला नसावा. आमच्याकडे दारात पोस्टमन आला तरी त्याच्याशी चौघे बोलतात.

रेखा नावाची विद्यार्थिनी बीबी गावाला आपल्या मावशीकडे गेली. मावशीच्या घरात नुकतीच सून आली होती. रेखाने सुनेला प्रयुक्त केलं आणि ओसरीवर चाचणी सुरू झाली. मावशी तिथेच शेंगा फोडत बसली.

रेखाने वाचलं, "मला सर्वांत जास्त आवडतं..."

सून तोंड उघडणार तोच मावशी म्हणाली, "पोह्याचा चिवडा. लिह्य."

"मला भीती वाटते..."

"तिले कायची भीती? लिह्य, कायचीच नाही."

असं एकामागून एक वाक्य मावशीच पुरं करत गेली. सून नुसती मान हलवत होती. मग रेखाने वाचलं, "माझी सासू..."

आता मावशीची अडचण झाली. स्वतःबद्दल स्वतःच कसं सांगणार? तिने शेंगा फोडणं थांबवलं आणि सुनेकडे पाहिलं. "काऊन गप बसली? सांग ना! मी काई म्हनत नाही."

सुनेने दोघींकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच ती बोलली.

"थे वाक्य पुरंच हाय, ताई. पुढचं घ्या."

*

हा अगदी छोटा. माणसाला ओळखणाऱ्यांकडून त्याला एक ते पाच गुण देऊन घेण्याचीही पद्धत असते. आमचा एक विद्यार्थी गावातल्या एका पुढाऱ्याच्या शेजाऱ्याकडे तक्ता घेऊन गेला. 'प्रामाणिकपणा' असा पहिला रकाना होता. शेजाऱ्याने पेन घेतलं, टोपण काढलं आणि विचारलं, "इलेक्शनच्या आधीचा लिवू का नंतरचा?"

*

चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावायची, हीसुद्धा चाचणीच. चित्र मुद्दाम अर्धवट काढलेलं असतं. आमच्याकडच्या एका चित्रात एक माणूस मोकळ्या रस्त्याच्या कडेला उभा आहे, हातात पिशवी. तो कोण, काय झालं, पुढे काय होणार, हे लिहायचं.

एका वर्षी पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले. इस्त्रीचा शर्ट, हातात सॅनिटायझर, आमचं बोलणं ऐकून गालात हसत होते. पोरांच्या गोष्टी वाचता वाचता मात्र त्यांचं हसू गेलं. एका गोष्टीत माणसाची बस चुकली होती. दुसरीत बस आली पण थांबली नाही. तिसरीत माणूस बसची वाट पाहत म्हातारा झाला! पुऱ्या वर्गात दोन-चार पोरांनाच वेगळं काही सुचलं होतं.

सर मॅडमना म्हणाले, "विलक्षण आहे हो. या भागात नैराश्य फारच खोल दिसतं. संधी हुकल्याची भावना सामूहिक आहे. यावर पेपर लिहायला हवा."

मॅडम म्हणाल्या, "नैराश्य नाही सर. गाड्या कमी आहेत."

सरांना ते पटलं नाही. त्यांनी सगळ्यांना बेताचेच गुण टाकले, गुणांचं पाकीट बंद केलं आणि मलकापूरला रेल्वे धरायची म्हणून दुपारीच निघाले. बुलढाण्यात रेल्वे नाही. मलकापूरपर्यंत बसच धरावी लागते.

दीड तासाने सर परत आले. शर्टाची इस्त्री मोडली होती, हातात पिशवी होती. मी पाण्याचा ग्लास दिला. त्यांनी तो एका घोटात संपवला आणि म्हणाले, "इंगळे, ते पाकीट आणा बरं. पोरांनी बारकावे चांगले टिपलेत!"

*

एकदा बीबीकडचे एक मोठे शेतकरी भावी जावयालाच घेऊन आले. मुलाला बाहेर बाकावर बसवलं, आत येऊन दार लोटलं आणि मॅडमना हळू आवाजात म्हणाले, "बैल घेताना दात पाह्यतो, बियानं घेताना उगवन पाह्यतो. पोरगी द्याची तर पोराचं काय पाहाव? तुमच्याकडे म्हने स्वभाव मोजून भेटते. त्याले परीक्षा हाय म्हनून नका सांगू. तब्येत पाहून राह्यलो म्हना."

मॅडमनी सरळ सांगितलं, "असं चोरून करत नाही आम्ही. त्यांना सांगावं लागेल, त्यांची संमती लागेल आणि निकाल त्यांनाच मिळेल."

मला वाटलं, आता हे गृहस्थ उठून जातील. पण ते हट्टी होते. "बलवा त्याले. इचारा."

मुलगा आत आला. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, एकदा होणाऱ्या सासऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माही काई हरकत नाही मॅडम. पन दोन कागद आना. एक या मामांसाठी. मले बी पाहू द्या का कोनाचा जावई होऊन राह्यलो!"

दोघे एकाच मोटरसायकलवर आले होते, एकाच मोटरसायकलवर गेले. कागद दोन्ही कोरेच राहिले. लग्न झालं, आम्हाला पत्रिका आली, मी जेवून आलो.

*

आता हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, कारण यात हसण्यासारखं काही होईल असं त्या दिवशी मला अजिबात वाटलं नव्हतं.

आमचे विभागप्रमुख निवृत्त झाले आणि त्यांची एक कायम जागा भरायला मंजुरी आली. एकच जागा. अर्ज चार. त्यातला एक दादासाहेबांच्या साडूच्या मुलाचा. कॉलेजात चहावाल्यापासून सगळे म्हणत होते की जागा साडूच्या घरी गेली.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मॅडम कपाट आवरत होत्या. स्वतःची पुस्तकं वेगळी काढत होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "इंगळेभाऊ, या वेळी नाही झालं तर मी पुढे तासिकेवर येणार नाही. मुलगी दहावीला आहे. नाशिकला बहिणीच्या ओळखीने एका ऑफिसात काम मिळतंय. तिकडे निघून जाईन." मला फार वाईट वाटलं. चोवीस वर्षांत कितीतरी जणांनी माझा स्वभाव मोजला, पण बायको आजारी असताना घरी येऊन विचारपूस करणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

मुलाखत अध्यक्षांच्या केबिनमध्ये. दादासाहेब, प्राचार्य आणि बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या तज्ज्ञ बाई. बाईंचे केस पांढरे, बोलणं कमी. पाणी द्यायला आणि चाचण्यांची पेटी सांभाळायला मी. दादासाहेब दीड तास उशिरा आले आणि आल्या आल्या दुसऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना त्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या. मग काम सुरू झालं.

पहिले तिघे झाले. तज्ज्ञ बाईंनी तिघांना विचारलं, "व्यक्तिमत्त्व कसं मोजाल?" तिघांनी पद्धती घडाघडा म्हणून दाखवल्या. साडूच्या मुलाने तर इंग्रजीतून म्हटल्या. दादासाहेब खूश.

शेवटी मॅडम आल्या. बाई म्हणाल्या, "पुस्तकातलं खूप ऐकलं. तुम्ही एखादी चाचणी इथेच घेऊन दाखवा."

"घ्या ना, इंगळ्याचीच घ्या!" दादासाहेब म्हणाले.

मी लगेच पुढे झालो. मला सगळ्या पुस्तिका पाठ आहेत. कुठल्या प्रश्नाला काय म्हटलं की निकाल सुरेख येतो, हे मला ठाऊक. मनात म्हटलं, मॅडम, आज तुमचं काम फत्ते करतो.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि तज्ज्ञ बाईंना म्हणाल्या, "नाही मॅडम. इंगळेभाऊंना उत्तरं पाठ आहेत. यांची चाचणी घेतली तर ती खोटी होईल."

मी मागे सरकलो. माझं तोंड उतरलं असावं. तज्ज्ञ बाईंनी मात्र पहिल्यांदाच मान वर केली. समोरच्या कागदावर त्यांनी आकडे लिहिले, सही केली आणि कागद उलटा ठेवला.

"मंग माही घ्या!" दादासाहेब खुर्चीत पुढे सरकले. "लोकं मले रोजच पारखतात. आज तुमी पारखा!"

पेटीत तीन चाचण्या होत्या. मॅडमनी त्यातली हीच का काढली, ते मला अजून माहीत नाही. त्यांनी सूचना वाचली. "यात पास-नापास नाही. फक्त हो किंवा नाही म्हणायचं. एका प्रश्नाचं उत्तर झाल्याशिवाय पुढचा प्रश्न घ्यायचा नाही."

"घ्या, घ्या."

"तुम्हाला माणसांत मिसळायला आवडतं का?"

"आवडते? अहो, राह्यतोच तिथं! हो."

या चाचणीची एक गोम आहे. मधूनमधून काही प्रश्न असे पेरलेले असतात की त्यांना जिवंत माणसाने 'हो' म्हटलं की समजायचं, गडी स्वतःला जरा जास्तच गोरा करून दाखवतोय. ही गोम केबिनमध्ये दादासाहेब आणि प्राचार्य सोडून सगळ्यांना माहीत होती.

"तुम्ही आयुष्यात कुणाबद्दल कधीच वाईट बोलला नाहीत, हे खरं आहे का?"

"हो! आपल्या तोंडात कोनासाठी वाईट शब्दच नाही."

बाईंनी पेनाचं टोपण उघडलं.

"तुम्ही ठरलेल्या ठिकाणी नेहमी वेळेवर पोचता का?"

"हो! एकदम टायमावर."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

मॅडमनी पान उलटलं. आवाज होता तसाच, वर्गात असतो तसा. "तुम्ही दिलेला शब्द प्रत्येक वेळी पाळला आहे का?"

दादासाहेबांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"हे चाचनीतच हाय का?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब. सतरावा प्रश्न आहे. छापील."

दादासाहेबांनी पुस्तिका मागून घेतली. चष्मा लावला, सतरावा प्रश्न बोटाने शोधला, वाचला. मग मागचं पान उलटून छापखाना कोणता तेही पाहिलं.

"याले 'सांगता येत नाही' असं लिवा."

"तसा पर्याय नाही साहेब. हो किंवा नाही."

"मंग सोडा हा. पुढचा घ्या."

"उत्तराशिवाय पुढचा घेता येत नाही."

तज्ज्ञ बाई पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, "वानखडे मॅडम, उत्तराला किती वेळ लागला तेही लिहून ठेवा. त्याला महत्त्व असतं." मग त्यांनी तो उलटा ठेवलेला कागद सुलटा करून दादासाहेबांपुढे सरकवला. "माझे गुण झालेत. सही केलीय."

दादासाहेबांनी तो कागद पाहिला. सर्वांत वर मॅडमचं नाव होतं. प्राचार्यांकडे पाहिलं, प्राचार्यांनी पेपरवेट पाहिला. दादासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मॅडम पेन्सिल कागदावर टेकवून तशाच थांबल्या होत्या. कागदावर 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन होते, दोन्ही रिकामे.

"इंगळे," दादासाहेब म्हणाले, "बडे बाबूले बलाव. म्हन, मॅडमची ऑर्डर टाइप करा. कायमची."

मग मॅडमकडे वळून म्हणाले, "आन् तुमी पेन्सिल उचलू नका. टाइप झाली का सांगतो मी 'हो'!"